सतरा नंबरच्या मेंढीला पाजलेलं औषध

...आणि वर पुन्हा म्हणायचं काय, तर म्हातारा थापाड्या आहे! अहो, तुम्हाला सांगतो, या गोष्टीचे तीन पाठ सध्या आमच्या संस्थेत फिरतायत, तीन! आणि ज्याच्या हातून घडलं त्याला विचारायला कुणी तयार नाही. वॉचमनच्या पाठात मी मेंढी खांद्यावर टाकून फाटकापर्यंत पळालो. माझे गुडघे पाहिलेत? जिना चढताना मी प्रत्येक पायरीची परवानगी घेतो! आमच्या हिच्या पाठात मी भोळा सांब आणि आमच्या संशोधक मॅडम कसाई. तेही खोटं. मॅडमनी कधी मुंगीसुद्धा मारली नाही... म्हणजे मेंढ्या मारल्या, पण डोळे पुसत मारल्या. आणि मॅडम स्वतः विद्यार्थ्यांना सांगतात, त्या पाठात तर मी नाहीच. तिथे नुसती एक ‘हाताळणीतली त्रुटी’ आहे. ती त्रुटी म्हणजे मी! बरं, तिन्ही पाठ शेजारी ठेवून नीट ताडून बघा. मेंढी तिन्हींत आहे, औषध तिन्हींत आहे, शेवटही तिन्हींत एकच आहे. पण मी ते औषध का पाजलं, हे एकातही नाही! आता तुम्हीच सांगा, मी काय तिचा वैरी होतो?

तर माझं काम मेंढ्यांचं. वीस मेंढ्या, वीस कप्पे, कानात बिल्ले. मॅडमचं काम जंतांचं. केसाएवढा जंत हो, मेंढीच्या चौथ्या पोटात ठाण मांडतो आणि रक्त पितो. हो, चौथ्या! चार-चार पोटं दिलीत देवानं, आणि तरी वाढप्याशी भांडताना मेंढी कुणी पाहिली नाही. मॅडम पहिल्याच दिवशी मला समजावत होत्या, “काका, काही मेंढ्या पोटाच्या आतल्या बुळबुळीत थरात एक प्रथिन सोडतात. ते जंताच्या अंगावरच्या साखरेला चिकटतं. असं चिकटतं, की त्याला धड खाता येत नाही, वाढता येत नाही, अंडी घालता येत नाहीत.” म्हटलं, असा एक साडू आहे माझा. “काका, ऐका हो! शेळीतही असतं ते, पण जरा वेगळं, आणि पुष्कळदा कमी पडतं.” का बरं कमी पडतं? तर म्हणे, शेळी मान वर करून पाला ओरबाडणारी, तिची गवतातल्या जंताशी पिढ्यान्‌पिढ्या गाठच कमी. मेंढी बिचारी खाली मान घालून चरते, म्हणून तिला लढायला शिकावं लागलं. घ्या! खाली मान घालणाऱ्याच्याच वाट्याला लढाई येते, हे मला लग्नानंतर पंधरा दिवसांत कळलं होतं. यांना सूक्ष्मदर्शक लागला.

आता ते प्रथिन हवं, तर मिळणार कुठे? पोटाच्या आत. मेंढीसमोर वाटी धरून “जरा दे गं” म्हणता येतं का? नाही. मग मेंढी उघडायची. आमच्याकडे ‘कापायची’ म्हणत नाहीत, ‘उघडायची’ म्हणतात, जसा काही बिस्किटांचा डबा! आणि उघडायची कुठली? जी जिंकली ती! जिच्या लेंड्यांत जंताची अंडी सगळ्यांत कमी, तिचं प्रथिन जबरदस्त, म्हणून ती उघडायची. आणि जी हरली, तिला शेवटच्या दिवशी जंताचं औषध पाजून कुरणात मोकळी सोडायची. ऐकलीत अशी शर्यत कधी? आणि हा नियम मला तोंडपाठ होता हो. अकरा वर्षं तोंडपाठ होता...

सतरा नंबर. मी तिला मावशी म्हणायचो. कप्पा झाडायला वाकलो, की पाठीवर हनुवटी टेकून उभी राहायची, कोपऱ्यातला कचरा राहिला का ते बघायला. ती हरत होती. तुम्हाला सांगतो, रीतसर, नियमाप्रमाणे हरत होती! जबड्याखाली सूज, अंगात रक्त नाही. उठताना मागचे पाय उभे करायची आणि पुढच्या गुडघ्यांवर तशीच थांबायची, आता पुढे काय करायचं ते विसरल्यासारखी. मी मॅडमना बोलावलं, म्हटलं, पापणी आतून पांढरीफटक पडलीय. त्यांनी रंगांचा तक्ता तिच्या डोळ्याशी धरला. “अजून फिकट गुलाबी आहे, काका. नऊ दिवस राहिलेत. हरतेय, म्हणजे वाचलीच की ती!” नऊ दिवस! त्यांच्या वहीत नऊ दिवस म्हणजे नऊ रकाने. माझ्या मांडीवर तिचं डोकं होतं, मानेला पेलवत नव्हतं म्हणून.

जेवणाच्या सुट्टीत, भर दुपारी, औषधाचं कपाट उघडलं. दहा मिली पिचकारीत घेतलं आणि पाजलं. बाटलीत तेवढंच पाणी घातलं, बरोब्बर खुणेपर्यंत, आणि हलवून ठेवली. लिटरभर पांढऱ्या औषधात चमचाभर पाणी, कुणाच्या बापाला कळतंय! आपल्याच हुशारीवर असा खूश झालो, की त्या दिवशी डबा दोनदा जेवलो. आता सांगा, मी काय तिचा वैरी होतो?

तीन दिवसांत मावशी उभी. आठव्या दिवशी अंड्यांची शेवटची मोजणी झाली आणि मॅडम धावत आल्या, एका पायात चप्पल, एका पायात गमबूट. “काका! अडीच हजारांवरून शून्य! हिनं एका झटक्यात सगळे जंत झाडून टाकले! पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी आज पाहिलं!” आणि मावशीच्या कपाळाचा मुका घेतला. मीही टाळ्या वाजवल्या हो... माणूस किती गाढव असावा! टाळ्या वाजवता वाजवता हात हवेतच थांबले. फळ्यावर यादी लागली. उद्या सकाळी दहा. पहिला नंबर सतरा.

गेलो. हात जोडले. म्हटलं, मॅडम, ती जिंकली नाही, मी आठ दिवसांपूर्वी औषध पाजलंय.

“काका, पुरे.”

“देवाशपथ खरं सांगतो!”

“गेल्या वर्षी नऊ नंबर गाभण आहे म्हणालात. शेडमध्ये आठ महिने मेंढा नव्हता.”

“ते... ते तेव्हा...”

“त्याआधी चार नंबर लंगडते म्हणालात. ती धड चालत होती. लंगडून तुम्ही दाखवलंत.”

दोघींसाठी खोटं बोललो, दोघीही गेल्या. म्हटलं, या वेळी खरं आहे. “दर वेळी खरंच असतं, काका.” बाटली बघा म्हटलं. बघितली. खुणेपर्यंत भरलेली! अहो, पाणी आहे त्यात, मी घातलंय! “हो का?” रक्त तपासा म्हटलं. “आठ दिवसांत औषध रक्तातून उतरतं, हे तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच म्हणताय ना?” आणि मग आवाज खाली आणून, माझ्या खांद्यावर हात ठेवून, “मलाही आवडते ती. पण हिच्यामुळे लस झाली, तर किती कळप वाचतील, विचार करा. उद्या रजा घ्या तुम्ही.”

रजा कसली घेता! ती दुसऱ्या कुणाच्या मागे जात नव्हती. फरफटत नेली असती तिला. मीच नेली. पापणी लाल, पाय खणखणीत, औषध छान लागू पडलं होतं! उघडायच्या खोलीकडच्या लांबलचक व्हरांड्यात तीच मला ओढत होती. दारापाशी थांबली आणि मागे वळून बघितलं, मी येतोय ना म्हणून. म्हटलं, चल गं, आहे मी... आता तुम्हीच सांगा... नाही, जाऊ दे, नका सांगू.

तासाभरानं मॅडम बाहेर आल्या. हातमोजे तसेच, मास्क गळ्यात. बाकावर माझ्या शेजारी बसल्या.

“पोटातला थर अगदी पातळ होता. प्रथिन जवळजवळ नाहीच. काका... तुम्ही खरंच औषध पाजलं होतंत.”

म्हटलं, हो मॅडम.

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचा माझ्यावर विश्वास बसला. मग चाऱ्याची वेळ झाली होती, मी उठलो आणि उरलेल्या एकोणीस जणींना चारा टाकला.