ओल्या हातमोज्यांची चाचणी

दि. ११ मार्च २०२५

मी, देवराम चिमाजी गांगुर्डे, वय ५२ वर्षे, धंदा नोकरी, वायरमन, रा. मखमलाबाद, नाशिक. पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, मी कांदा वाळवण्याच्या कारखान्यात एकोणीस वर्षांपासून कामाला आहे. आमचे मॅनेजर ललित साहेब यांनी कामगार साधना गावित, वय ३४, मूळ रा. सुरगाणा, हिच्याविरुद्ध मेन स्विचच्या पेटीचे कुलूप फोडून नुकसान केल्याची तक्रार दिली आहे. त्या वेळी मी तेथे हजर होतो.

जानेवारीत कांदा कापण्याच्या यंत्राला जुन्या बटणांच्या जागी टचस्क्रीन घ्यायचे ठरले. विक्रेत्याने दोन नमुने आणले. एक जाडजूड, दिसायला मळकट, जोर देऊन दाबावा लागणारा. दुसरा मोबाइलसारखा गुळगुळीत. चाचणी साहेबांच्या एसी केबिनमध्ये झाली. महागाची वस्तू म्हणून यंत्रावरच्या बायकांनी हातमोजे काढले, हात धुतले, पदराला पुसले आणि मगच बोट लावले. गुळगुळीत स्क्रीन सगळ्यांना झटकन चालला.

साधना मात्र धुण्याच्या हौदावरून तशीच ओल्या हातमोज्यांनी आली. ती म्हणाली, "देवरामभाऊ, कामावर आपला हात कधी कोरडा राहतो का? मंग कोरड्या हातानं काय बघता?" तिच्या बोटाला गुळगुळीत स्क्रीन ढिम्म हलला नाही. वर थेंब पडले तेव्हा तो आपोआप चालू झाला. मळकट स्क्रीन पहिल्या दाबात चालला. साहेब तिच्यावर डाफरले. तिने शेऱ्याच्या कागदावर लिहिले, "वल्या हाताला चालत नाय. पाणी पडलं की आपोआप सुरू होतो. लाल बटण काढू नका." तिचे शिक्षण सातवीपर्यंत आहे. मला इतक्या वर्षांत सुचले नसते ते तिने उभ्या उभ्या ओळखले.

गुळगुळीत स्क्रीन घेतला गेला. यंत्र बंद करायचे लाल बटण जुनाट दिसते, बंद करायची सोय स्क्रीनवर आहेच, असे साहेब म्हणाले. मी ते काढले.

काल सकाळी ११.२० वाजता यंत्र बंद करून कामगार मीना पवार ही त्यात अडकलेली कांद्याची पात काढत होती. हौदाचे पाणी स्क्रीनवर उडाले व यंत्र सुरू झाले. मीनाची बाही पट्ट्यात अडकून उजवा हात पात्यांकडे ओढला जाऊ लागला. मी स्क्रीनवर बंदची खूण तीन वेळा दाबली. चालली नाही. मी हातमोजा काढू लागलो. घामाने तो निघेना.

तेवढ्यात साधनाने पहार उचलली, एका घावात पेटीचे कुलूप उडवले व मेन स्विच खाली ओढला. पाती मीनाच्या बोटांपासून वीतभर अंतरावर थांबली. वीज गेल्याने भट्टीतला माल खराब झाला, हे खरे आहे. साधना मीनाची बाही सोडवत बसली. अशी बाई मी पाहिली नाही.

मीनाने आज हजेरीच्या वहीत उजव्या हाताने सही केली.

साधनाचा तो कागद मी फाइलला लावला नव्हता. "चाचणी समाधानकारक" असे अहवालात लिहून मी सही केली. कागद माझ्या हत्यारांच्या पेटीत होता, तो हजर करत आहे. गुन्हा लिहायचाच असेल तर माझ्या नावावर लिहावा.

जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. फक्त हवालदार साहेबांनी वर "सही केली" या शब्दांच्या आधी "कागद न वाचता" असे घातले होते, ते मी खोडायला लावले. मी तो वाचला होता.