सुपारी फुटली त्या रविवारी

हॅलो? आत्या, आई-बाबा गेल्यावर आमच्या भागवतदादाला कोण सांभाळणार?… अगं मी कोमल! न्हाई गं, दोघंबी धडधाकट हायेत, अंगणात हळद निवडून राहिलेत. खुशनुमानं पैज लावली… हो, रहमतबी चाचीची पोरगी, तिचा भाऊ नोमान दादासारखाच ना. सगळ्या पोरी म्हणल्या, तुमच्या घरी हा प्रश्न कुणी तोंडावर आणतच न्हाई, तू विचारून दाखव. विचारला! आता सांग.

हसतेस काहून?… सोय झालीय? कसली सोय?… दादाला बायको?

आत्या, चोवीस वर्षांचा हाय तो, पण कुकरची शिट्टी झाली की कान दाबून पलंगाखाली शिरतो. नव्या माणसानं हात लावला तर स्वतःलाच चावतो… खुळा न्हाई, ऑटिझम! डॉक्टरनं सांगितलंय… सांभाळायला? मग बिनपगारी बाई म्हण ना. कोण हाय ती?

…पुनम? तुझी पुनम?

हो, हो… अगं ऐक ना… साटंलोटं? तुझी पोरगी आमच्याकडं, अन् तिच्या बदल्यात… मी? तुझ्या सोमेश्वरला?

कधी ठरलं?… मागच्या रविवारी सुपारीबी फुटली? मला तर आईनं हिंगोलीला क्लासला पाठवलं होतं. निघताना डोक्यावरून हात फिरवला होता तिनं…

अठरा पुरे झाले की लगेच… अन् माझी बारावी?… बरं. बैल घेतानाबी त्याच्या तोंडात बघतात, आत्या. तुमी आमचं तोंडबी न्हाई बघितलं.

पुनम काय म्हणती?… रडू दे म्हणतेस! अन् दादा तिच्यावर धावला तर?… दाव्याला बांधायचं?… चार दिस बांधलं की माणसाळतो? दिवाळीत त्याच्यापुढं मुद्दाम शिट्टी वाजवून तूच हसली होतीस ना?

सुपारी परत घे… फुटलेली जोडत न्हाई? मग चावून खा.

ठेवू नको! तूबी ऐक. आई! बाबा! हळद राहू द्या, इकडं या… हो, आत्याच हाय, सगळं सांगितलं तिनं. मी सोमेश्वरशी लग्न करणार न्हाई. पुनम इथं येणार न्हाई. अन् आई, मीबी दादाला जन्मभर सांभाळणार न्हाई… रड, पण ऐक. रहमतबी चाचीनं हिंगोलीत घर घेतलंय भाड्यानं, नोमानसारख्या चौघांना मिळून राहायला, पगारी माणूस ठेवून. चाची दादाला तिथं ठेवता का म्हणून दोनदा विचारायला आल्या, तुमी दार लावून घेतलं. सोमवारी मी दादाला तिथं नेणार, एक रात्र राहायला. मीबी थांबणार… तुमी मेल्यावर न्हाई, बाबा. तुमी जिवंत असतानाच त्याला तुमच्याशिवाय झोपायला शिकायचंय.