कोळशाले पाय नसतात

मालगाडीले शिव्या द्यायच्या तं द्या, पण आमच्या मामासमोर देऊ नका बरं. मामानं सारी नोकरी रेल्वेच्या कंट्रोलमध्ये केली. कोणती गाडी थांबवायची अन् कोणती सोडायची, हे तिथून ठरते. पॅसेंजर काहून अडवता, असं विचारलं की ते म्हणत, "माणसाले पाय असतात, कोळशाले नसतात. कोळसा पहिले!"

तं त्या दिवशी माझाच साखरपुडा होता, रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात, अकराच्या मुहूर्तावर. मामा, मामी अन् मी भाटापाऱ्याहून पॅसेंजरनं निघालो. रायपूर स्टेशनाबाहेरच्या आउटर सिग्नलले गाडी जी थांबली, ती थांबलीच. बाजूनं कोळशाची एक मालगाडी गेली, मग दुसरी गेली. मामा कौतुकानं पाहून राहिले होते. तिसरी आली तेव्हा साडेदहा वाजले होते अन् पोरीकडून चौथा फोन आला होता. मामी मामाकडे पाहत बसली.

शेवटी मामानं कंट्रोलमधल्या आपल्या जुन्या चेल्याले फोन लावला. "अरे, भाच्याचा साखरपुडा आहे. आमची पॅसेंजर सोड ना बाबू!"

चेला मोठ्या अदबीनं बोलला, "सर, आप ही ने तो सिखाया था, कोयले के पैर नहीं होते."

मामीनं ओटीची पिशवी उचलली. "चला, उतरा. तुमाले आहेत ना पाय?"

आम्ही रुळाकाठच्या गिट्टीवरून रस्त्याकडे शंभर पावलं गेलो नसू, तं पॅसेंजरनं शिटी मारली अन् निघाली. मामा हातातला नारळ हलवत मागं धावले, "अबे थांब! थांब!"

ज्या माणसानं जन्मभर पॅसेंजर थांबवल्या, त्याच्यानं ती एक काही थांबली नाही.