नाव कमी करणारा नियम

धाकटी : मग नियम कुणी लावला ताई, वाऱ्यानं?

थोरली : मी लावला. वर्ग माझा आहे.

धाकटी : शिवणाचा तुझा, भरतकामाचा माझा. ऑनलाइन वर्गांचं पोर्टल दोघींचं. आणि आपोआप चालणारे नियम लावायच्या त्या ऑटोमेशनच्या पानाला तू कधी हात लावत नव्हतीस. ‘ते यंत्राचं तू बघ,’ म्हणायचीस.

थोरली : तुझ्याच मागे उभी राहून शिकले. वर ‘असं झालं तर’, खाली ‘तसं कर’. त्यात काय मोठंसं.

धाकटी : तू काय भरलंयस, वाचू? ‘विद्यार्थिनीनं भरतकामाच्या वर्गात नाव घातलं असेल, तर शिवणाच्या वर्गातून तिचं नाव कमी कर.’ हे काय गं?

थोरली : एका वेळी एकच शिकावं. दोन डगरींवर पाय ठेवणारीचं ना झबलं होत, ना फूल.

धाकटी : खरं सांग.

थोरली : खरंच सांगतेय.

धाकटी : नाकपुडी फुगलीये तुझी.

थोरली : मग ऐक. इतकी वर्षं बायकांना बाही बसवायला शिकवते मी. घसा कोरडा पडतो. एकीनं कधी बरं म्हटलं? आणि तू एक नियम लावलास, कुणी आठवडाभर पाठ उघडला नाही की आपोआप निरोप जातो. काय तो निरोप?

धाकटी : ‘सुई बसली रुसून, दोरा पाहतो वाट, ये गं सखे, एक टाका, सोडू नको पाठ.’

थोरली : हाच. हा वाचून बायकांचे डोळे भरतात म्हणे. ‘बाई, तुम्हाला आमची आठवण आली.’ आठवण कुणाला आली? तू घोरत होतीस.

धाकटी : ओळी तर माझ्याच होत्या.

थोरली : आणि गेल्या आठवड्यात ती बँकेत नोकरी करणारी, दोन्ही वर्गांतली, माझ्या पाठाखाली लिहिते, ‘धाकट्या बाईंसारखे निरोप इथेही सुरू करा.’ माझ्या अंगणात उभं राहून शेजारणीच्या जाईचं कौतुक.

धाकटी : म्हणून तिला काढलंस.

थोरली : मी नाही. नियमानं काढलं.

धाकटी : नियमाला ओळखपाळख नसते, ताई. त्यानं आत्यालाही काढलंय.

थोरली : कुठली आत्या?

धाकटी : आपल्याला जिनं वाढवलं ती.

थोरली : तिला सुईचं भोक दिसत नाही. ती कशाला वर्गात?

धाकटी : शिवायला नाही. दुपारी नुसता पाठ लावून ठेवते. घर बोलतं म्हणते. मीच नाव घातलं होतं तिचं, तुला सांगू नको म्हणाली. सोमवारी माझ्याही वर्गात घातलं, आणि लगेच तुझ्या नावानं तिला निरोप गेला, ‘आपले नाव कमी करण्यात आले आहे.’

थोरली : अगं पण तुझ्या वर्गात कशाला घातलंस?

धाकटी : रोज तुझाच ऐकायची. मला नाही बघवलं.

थोरली : बरं. फोन दे इकडे.

(थोरली फोन लावते. आवाज दोघींना ऐकू येईल इतका मोठा करते.)

थोरली : आत्या, तो निरोप…

आत्या : असू दे गं. शिवत तर काही नाही, उगाच जागा अडवून बसलेय. म्हटलं, थोरलीच्या लक्षात आलं असेल.

थोरली : तसं नाही. माझंच चुकलं. नियम पुसते बघ, आत्ता. तुझं नाव परत घालते.

आत्या : घाल बाई. कॉलरचा पाठ अर्धाच ऐकून राहिलाय माझा.

थोरली : आणि… धाकटीचा पाठ ऐकलास?

आत्या : ऐकला की. काय गोड बोलते. एकटीच हसत बसले.

थोरली : मग तिचाच लावत जा.

आत्या : हसले की झोप उडते, पोरी. चार दिवस डोळ्याला डोळा नाही. तू ‘कापडाची घडी सरळ करा’ म्हणालीस की कशी गुंगी येते.

थोरली : म्हणजे माझा पाठ झोपेचा.

आत्या : घरात आपलं कुणी वावरतंय असं वाटलं, की येते झोप.

थोरली : घातलं नाव. पड आता. ठेवते.

(धाकटी फोन घेते, स्वतःचा पाठ लावते आणि लगेच बंद करते.)

थोरली : का गं, बंद केलास?

धाकटी : काही नाही. माझ्या आवाजानं कधी कुणाला झोप लागली नाही, ताई.