बिनशिट्टीचं सूप

आन वर तीच मला इचारतीया, "आई, तू मधेच झाकण उघडलंस ना?" अगं झाकणाचं काय घेऊन बसलीस, हिथं माझ्या दारात अख्खी गल्ली गळा काढून रडत हुती!

न्हाय, आता तुमीच ऐका. तुम्हाला सांगते, घरात माझं कोन ऐकूनच घेत न्हाय. आमची लेक शिवप्रिया, पुण्यात नोकरीला. तिनं पाठवला तो स्लो कुकर. नावाचा कुकर! शिट्टी न्हाय, जाळ न्हाय, वास न्हाय... कुंडीवानी एक जड भांडं आन त्याला वायर. त्यात भाज्या टाकायच्या, बटन दाबायचं आन आठ तास गप बसायचं. आठ तास! आठ तासात उमरग्याचा ट्रक हैदराबादला माल उतरवून चहा पितो! पर लेक फोनवर लाडात म्हनतीया, "आई, सोप्पंय गं. टाकायचं आणि विसरायचं!" टाकायचं आन विसरायचं म्हने!

आन हे कुणासाठी? माझ्या सासूसाठी. मल्लम्मा त्यांचं नाव. वय कुणालाच ठाऊक न्हाय, त्यांना तर मुळीच न्हाय. नऊ दिवस ताप. ताप उतरला तर तोंडाची चव गेली. पेज दिली, "ब्याड." वरणाचं पाणी दिलं, "ब्याड." कानडीतलं 'नको' ते, एवढुसा शबुद, पर चार दिवस तोच ऐकला की डोकं फिरतं. डॉक्टर म्हनला, "आज काही खाल्लं न्हाय तर उद्या दाखल करा, सलाईन लावू." त्यावर सासूबाई काय म्हनल्या? "दवाखान्यात नेलंस तर मी माघारी येत न्हाय." आन त्या बोलतात तसं करतात हो! तीस वर्षं झाली बघतीया मी!

मग काय करता? घेतला तो कुकर. सकाळी सात वाजता गाजर, दुधी, टमाटे, घेवडा, सगळं बारीक चिरून टाकलं. त्यात वरनं पास्ता टाकायचा, मैद्याच्या पोकळ नळ्या असत्यात बघा, त्या. पर त्या शेवटाला, अर्धा तास उरला की. मग विसरायचं कसं, सांगा की! विसरले तर नळ्या टाकायच्या कोनी? आन आमचे मालक, ते तर आदीच धीर सोडून बसलेले. चहासुदिक न घेता, तोंड पाडून, गाडीला किक मारून उमरग्याला गेले, दवाखान्यात खाट मिळती का बघायला.

आता नीट ध्यान द्या. आमच्या अंगणात पाणी तापवायची चूल हाय. रोज पाचाला पेटती, धूर गल्लीभर. त्या दिवशी म्या पेटवली न्हाय, धुरानं सासूबाईंना ठसका लागतो म्हनून. गॅस पेटवला न्हाय, कारन सैपाक कुंडीत! घरात ना धूर, ना फोडणी, ना शिट्टी. आन नवाला काय झालं असंल? लाईट गेली! भाज्या नुसत्या कोमट पाण्यात पवाय लागल्या. म्या लेकीला फोन लावला, "अगं, लाईट गेली." तर म्हनती, "काही नाही होत आई, झाकण उघडू नकोस, विसरून जा." विसरून जा! सासू हिथं उपाशी आन मी विसरून जाऊ? टाळकंच सटकलं माझं. गेले आन उंबऱ्यावर बसले, कपाळाला हात लावून.

आन समोरच्या दारात बानूबाई शेरडं सोडत हुती.

बानूबाई म्हंजे वाईट बाई न्हाय, पर तिच्या डोळ्याला जे दिसतं ते तोंडात यायला एक मिंट लागत न्हाय. तिनं बघितलं, मालक तोंड पाडून गेले. चूल थंड. मी कपाळाला हात लावून बसलेली. आन घरात म्हातारं मानूस आजारी! तुमीच सांगा, मयताच्या घरीच चूल पेटत न्हाय, व्हय ना? शेजारनी पिठलं-भाकरी करून आनतात, व्हय ना? मग! मला एका शबदानं न इचारता गेली की ती गल्लीभर!

तासाभरानं बघते तर पंधरा बाया, डोक्यावर पदर, हातात झाकलेली ताटं, आन पुढं बानूबाई, "तारामतेऽ, गेली गं माझी मल्लम्माकाकूऽ!"

म्या म्हनलं, "कोन गेलं?" तर मला गळामिठी मारून म्हनती, "रड बाई, रड, मनात ठेवू नको." अगं सोड की! माझं तोंड तिच्या खांद्यात, मला बोलता येईना, आन बाया सरळ आत!

आन आत काय? तुम्हाला सांगते, आमच्यात, लिंगायतात, मानूस गेलं की आडवं ठेवत न्हायती. भिंतीला टेकवून बसवतात, कपाळाला विभूती लावून. आन आमच्या सासूबाई! शिवपूजा उरकून, कपाळभर विभूती ओढून, अंगावर शाल, डोळे मिटून, भिंतीला टेकून बसलेल्या! ते बघितलं आन जो हंबरडा फोडला बायांनी... एकीनं तर पाय धरले. "काकू, आमचं काय चुकलं असंल तर..."

तसा सासूबाईंनी एक डोळा उघडला.

किंचाळल्या की बाया! दोघी माझ्या अंगावर, एक दारात आडवी. आन सासूबाई? नाक वर करून, हळू आवाजात, "पिठल्यात लसूण कुनी घातलाय गं?"

बानूबाई म्हनली, "म्या... म्या घातलाय काकू."

"आन हिकडं."

चुरली की भाकरी! कालवलं पिठलं! चार दिवस ज्या बाईनं माझ्या हातची पेज ओठाला लावू दिली न्हाय, तिनं सवताच्या मयताची भाकरी, एक न्हाय, दीड खाल्ली! वर मिरचीचा ठेचा मागितला! मला हसू येईना, रडू येईना. नुसता राग! सात वाजल्यापासनं मी त्या कुंडीची राखण करतीया, आन नाव कुनाचं झालं? लसणाचं!

मालकांना फोन केला, "खाट ठिवा तिथंच, माघारी या." आन ते सूप? दारात आलेल्या बायांना तसंच कसं धाडायचं? सगळं पातेल्यात ओतलं, गॅस पेटवला, नळ्या टाकल्या, वरनं काळं तिखट. वीस मिंटात तयार! आठ तासाचं काम वीस मिंटात! बाया पदरानं डोळे पुसत वाट्या चाटून गेल्या. टाकायचं आन विसरायचं म्हने!

बानूबाई तेवढी ऱ्हायली, ताट न्यायला. शरमून म्हनली, "काकू, चुकलं माझं. राग मानू नका."

सासूबाईंनी बोट चाटलं. "राग कशाचा? चांगलं झालतं पिठलं. माझ्या तेराव्याला काय करनार हुतीस?"

ती वेडी बी खरं बोलली. "शेंगाच्या पोळ्या, काकू."

"मग तेरावं आदी करा," सासूबाई म्हनल्या, "पोळी खाऊन मग जाते."

आता सांगा! बसलीया मी शेंगा फोडत.