घड्याळ काढल्यावर

चोमा शहरातल्या कोर्टाच्या दारात झडतीची रांग होती. वीतभर बांधाच्या दाव्यासाठी सहाव्यांदा आलेल्या हामूंगा मास्तरांच्या मागेच दोघी बोलत उभ्या होत्या.

“मुटिंटा, सरकारी वकील विचारणार, नवऱ्यानं हात तरी उगारला होता का?”

“नव्हता, मावशी. घड्याळ काढून टेबलावर ठेवलं होतं, बस्स.”

“तेवढ्यावर तू डोक्यात मुसळ घातलंस, आणि तो उठलाच नाही.”

“अकरा वर्षं घड्याळ निघालं की मार ठरलेला. काच फुटू नये, एवढी काळजी त्याला! माझ्या बरगड्या काय, आपोआप जुळायच्या.”

“हे सांग ना जजला.”

“डॉक्टरीणबाई सांगणार. माझ्या मनाचं काय झालंय, त्यावर तेरा पानं लिहिलीत त्यांनी. शाळेत मला एक पान धड लिहिता आलं नाही, आणि आता माझ्यावर तेरा! जजला पटली तर सुटले, नाहीतर तुरुंग.”

“लग्नाआधी मीच तुला शिकवलं, नवरा बोलायच्या आधी त्याच्या मनातलं ओळखावं.”

“ओळखलं की! तुमची पहिल्या नंबरची शिष्या मी.”

“पुढं या,” पोलीस म्हणाला. “पट्टा, घड्याळ, सगळं ट्रेमध्ये.”

मास्तरांनी घड्याळ काढलं. मागचं बोलणं थांबलं. त्यांनी वळून पाहिलं, तर मुटिंटा दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसली होती.

“बघा मावशी,” ती तिथूनच म्हणाली, “कोर्ट राहिलं आत, आणि मी इथंच साक्ष देऊन बसले.”

मास्तरांनी घड्याळ पुन्हा मनगटावर चढवलं, बाही खाली ओढली.

“आधी तुम्ही जा, बाई. मला घाई नाही.”