काचेआडचं संयुक्त निवेदन

...आणि वर मलाच विचारतात, ‘दुभाषे, चेहरा का उतरलाय?’ अहो, उतरेल नाही तर काय! तुम्हाला सांगतो, नऊ वर्षं मी त्या शेजारी राष्ट्रांच्या विचारविनिमय संस्थेत, सभागृहाच्या कोपऱ्यातल्या काचेच्या खोक्यात बसून यांचं त्यांना आणि त्यांचं यांना सांगतोय, पंखा नाही, कारण त्याचा आवाज माइकमध्ये जातो, खोकला आला तरी गिळायचा, कारण मी खोकलो की ऐकणाऱ्याला वाटतं शेजारचा देशच खोकला! आणि एवढं करून मी अजून हंगामी. आपण काय, काचेआडचा माणूस!

आता कायम होणं म्हणजे नुसता कागद नव्हे बरं का. कायम माणसाला संस्थेच्या मागच्या दोन खोल्या मिळतात. आम्ही राहतो थोरल्या भावाकडे, तिथे बायकोच्या वाट्याला अर्धा ओटा, आणि त्या अर्ध्यावरही जाऊबाईंचा मिक्सर! त्यामुळे यंदा संचालक म्हणाले, ‘दुभाषे, परिसंवाद संपताना संयुक्त निवेदनावर दोन्ही पाहुण्यांच्या सह्या झाल्या की तुमची ऑर्डर काढतो,’ तेव्हा बायकोने त्याच संध्याकाळी डबे घासूनपुसून बांधून ठेवले.

आणि पाहुणे कोण? नदीच्या वरच्या देशाचे एक दाढीवाले इतिहासकार आणि खालच्या देशाच्या एक कवयित्री बाई. एकमेकांच्या भाषेतलं दोघांनाही ओ की ठो कळत नाही, पण भांडायची खुमखुमी बघाल तर सारखीच! पहिल्याच दिवशी दाढीवाले गरजले, ‘यांचं सगळं वाङ्मय आमच्या आजोबांच्या टाकलेल्या कपड्यांतून शिवलंय!’ मला दरदरून घाम. हे जसंच्या तसं सांगितलं तर बाई उठणार, सह्या गेल्या, खोल्या गेल्या, मिक्सर राहिला! तोंडातून आपोआप निघालं, ‘आपल्या दोघांच्या वाङ्मयाला एकाच कापडाची ऊब आहे.’ बाई चक्क लाजल्या हो!

पण लाजून गप्प बसतील त्या कवयित्री कसल्या? म्हणाल्या, ‘हे छान बोलले, पण यांच्या इतिहासात इतिहास कमी, मिरवणूकच जास्त!’ मी सांगितलं, ‘तुमचा इतिहास वाचताना वाजतगाजत चालल्यासारखं वाटतं.’ दाढीवाले उठून वाकले. आता सांगा, यात कुणाचं काय वाईट झालं? आपण काय, काचेआडचा माणूस!

चहाच्या सुट्टीत मात्र काच नाही ना! दाढीवाले लालबुंद होऊन नदीच्या पाण्यावरून ओरडतायत, बाई मला विचारतात, ‘यांना काय झालं?’ मी हातातली कपबशी सांभाळत म्हणालो, ‘भावना अनावर झाल्यात.’ बाईंनी त्यांना स्वतःच्या बशीतलं बिस्किट दिलं. पाण्यावरून ओरडणारा माणूस बिस्किट खाताना कसा दिसतो, बघितलंय तुम्ही कधी?

असे तीन दिवस! जीभ साखरेने चिकट झाली माझी. शेवटच्या सत्रात बाई निवेदन मांडायला उभ्या राहिल्या, आणि कागद बाजूला ठेवून मनातलंच बोलायला लागल्या. म्हणाल्या, ‘आमच्यात वैर आहे असं पिढ्यानपिढ्या ऐकत आलो, पण या तीन दिवसांत आमची मनं इतकी जुळली...’ अहो, मी माइक जवळ ओढला! तीन दिवसांत पहिलं असं वाक्य, ज्यात मला काही झाकायचं नव्हतं, काही गोड करायचं नव्हतं. मी हावरटासारखा बाईंचा शब्दन् शब्द जसाच्या तसा सांगत सुटलो, ‘...इतकी जुळली, की आता मध्ये तिसऱ्या माणसाची गरजच उरली नाही, म्हणून दुभाष्याची जागा कायमची रद्द करावी!’

बोलून गेलो, आणि मग कळलं काय बोललो ते. तोवर दाढीवाले रडत टाळ्या वाजवतायत, ते वाक्य निवेदनात घालून सह्या झाल्यासुद्धा! संचालक काचेपाशी आले, ‘दुभाषे, ऑर्डर काढणारच होतो हो, पण आता जागाच नाही!’

घरी बायको डबे सोडता सोडता म्हणते, ‘तीन दिवस थापा मारल्यात, मग शेवटची एक मारायला जीभ झडली होती?’

काय सांगू तिला? अहो... वाक्य फार छान होतं हो!